खाली राहील त्याच्या गळ्यात कॅमेरा

आमच्या घरी ह्यांचे फोटो कमी नाहीत. बिस्किटांचे दोन डबे गच्च भरलेत आणि सगळे मी काढलेले आहेत. तरी हे गेले तेव्हा भिंतीवर लावायला एक धड फोटो मिळेना. सुनेने दोन्ही डबे पलंगावर उपडे केले, बराच वेळ चाळले आणि हळूच विचारलं, "आई, यात बाबांचा चेहरा कुठे आहे?"

खरंच नव्हता. होती ती पाठ. घामाने अंगाला चिकटलेला शर्ट, खाकी अर्धी चड्डी, कॅनव्हासच्या बुटांचे तळवे, आणि बाकी सगळा दगड. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात हे रजा नामंजूर झाल्यासारखे बघतात. येता-जाता मला तो फोटो दिसतो आणि अजून राग येतो.

सुनेला त्या दिवशी मी काही सांगितलं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं. आता सांगते.

आम्ही मूळचे नागपूरचे. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि फायली, टेबलं, खुर्च्या आणि त्यांवर बसणारी माणसं असं सगळं उचलून भोपाळला आलं. हे बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ह्यांच्याबद्दल मला दोनच गोष्टी धड ठाऊक होत्या. एक, जेवताना बोलत नाहीत. दुसरी, मला बघायला आले होते तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

ही दुसरी गोष्ट जरा खुलासा करून सांगायला हवी. लहानपणी मी चिंचेवरून पडले. हाडवैद्याने पाय बसवला तो वाकडाच बसवला. तेव्हापासून माझा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आहे आणि चालताना मी एका अंगाला थोडी झुकते. दाखवायच्या कार्यक्रमात चहा-पोहे झाल्यावर ह्यांच्या मावशी गोड आवाजात म्हणाल्या, "जरा चालून दाखव हो, बाळ." मी स्वयंपाकघरापासून उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. खोलीतली सगळी माणसं माझ्या पायाकडे बघत होती. हे तेवढे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची म्हैस होती.

तिसऱ्या दिवशी होकार आला. घरात आनंदीआनंद झाला, मीही हसले. पण ती खिडकी माझ्या मनात राहिलीच. यांना बघवलं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. दया आली म्हणून हो म्हणाले असतील. दयेवर नांदायचं म्हणजे उष्ट्यावर जेवायचं, असं माझं मत होतं, आणि तेव्हाही मी नाकावर माशी बसू देणारी नव्हते. पण विचारायचं कसं? तेव्हा नवऱ्याला असलं काही विचारायची रीत नव्हती आणि मला हिंमतही नव्हती.

भोपाळला आम्हाला नवं क्वार्टर मिळालं. भिंतींचा गिलावा अजून ओला होता, अंगणात खडी पडलेली. शेजारी निम्मे आमच्यासारखे नागपूरकर, निम्मे कुठून कुठून आलेले. दूधवाल्याचं "को खाँ", म्हणजे "काय राव", मला समजायचं नाही आणि माझं नागपुरी हिंदी ऐकून तो हसायचा. मला करमत नसे. ह्यांना मात्र गाव आल्या आल्या आवडलं, कारण गावाबाहेर दगड होते.

हे पुण्याला शिकायला होते तेव्हा मित्रांबरोबर किल्ले चढायचे आणि तिथेच दोर लावून कडे चढायचं वेड लागलेलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात. भोपाळचे डोंगर दुरून दिसतच नाहीत, सपाट माळावरून चालत राहावं आणि एकदम जमीन चिरल्यासारखी खाली जाते, तिथे लाल-पिवळ्या दगडाच्या उभ्या भिंती. आता जिथे बिट्टन मार्केटची भाजी भरते त्याच्याही अलीकडे तेव्हा गाव संपायचं. शाहपुरा म्हणजे शेतं आणि बाभळी. तिथून पुढे सायकलवर, मी मागच्या कॅरियरवर, असे आम्ही केरवा नदीच्या बाजूला जायचो. तिथला एक कडा ह्यांनी निवडला होता. त्याला हे "बडे साहेब" म्हणायचे. ऑफिसातले साहेब सहा महिन्यांतून एकदा भेट देतात, हे बडे साहेब दर रविवारी देतात, असं त्यावर स्पष्टीकरण.

पहिल्याच रविवारी ह्यांनी एक जुना बॉक्स कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. चौकोनी, काळा, शिवणाच्या डब्याएवढा. चढणाऱ्याचे हात आणि गळा मोकळा पाहिजे, म्हणून खाली राहील त्याच्या गळ्यात कॅमेरा, असा नियम सांगितला. खाली राहणारं दुसरं कोण होतं?

तो कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत सगळं चिमुकलं दिसायचं आणि डावं ते उजवं व्हायचं. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी हे मध्यावर अडकले आणि पायाला जागा कुठे आहे म्हणून ओरडून विचारलं. मी काचेत बघून ऐटीत सांगितलं, डावीकडे. बिचारे किती तरी वेळ डाव्या बाजूला पाय चाचपत राहिले, जागा होती उजवीकडे. खाली आल्यावर रागावतील असं वाटलं, तर तिथेच मांडी घालून हसत बसले. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, शेळीने खालून उंट हाकलेला मी पहिल्यांदाच बघतोय, म्हणाले. मग मी काचेतून मान वर काढून बघायला शिकले. फोटो काढायचा तेवढ्यापुरती मान खाली.

आणि मला ते आवडायला लागलं. सकाळचं ऊन तिरपं असताना दगडाच्या भेगा कशा उठून दिसतात, दुपारी त्याच कशा पुसून जातात, हे मला कळू लागलं. आठ फोटोंचा रोल असायचा, त्यामुळे घाई करून चालत नसे. मी वाट बघायची. यांचा हात पुढच्या खाचेवर पोचला आणि अंग ताणलं गेलं की तेव्हा खटका दाबायचा. चौकातल्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडे रोल धुवायला द्यायचो. तो माणूस फार अदबीचा. एकदा प्रिंट हातात देताना म्हणाला, "बेगम साहिबा, तस्वीरें तो माशाअल्ला. मगर ये हज़रत कभी मुड़ते नहीं क्या?"

म्हणून पुढच्या रविवारी मी खालून हाक मारली, जरा इकडे बघा. यांनी मान वळवली आणि पाय सुटला. वरच्या झाडाला बांधलेला दोर कमरेला होता म्हणून वाचले, गुडघा सोलला. मी खटका दाबायचीही विसरले. त्यानंतर कड्यावरच्या माणसाला मी कधी मागे वळायला सांगितलं नाही. डबेभर पाठ का आहे, त्याचं उत्तर हे एवढंच.

असे दोन-तीन हिवाळे चांगले गेले. मग क्वार्टरमधल्या एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेडक्लार्कच्या बायकोने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोलायच्या त्या दिवशी म्हणाली, "तुमच्या ह्यांचं मला बाई कौतुक वाटतं. पाय असा असूनसुद्धा बरोबर नेतात. बसल्या जागी जमेल असं काहीतरी कामही शोधून दिलंय."

ती वाईट मनाने म्हणाली नसेल. पण माझ्या मनात होतं तेच तिने चारचौघींत बोलून दाखवलं होतं. खिडकीबाहेर बघणारा माणूस आणि गळ्यात कॅमेरा अडकवणारा माणूस एकच. पांगळ्या बायकोला खेळणं दिलं होतं, आणि मी वेडी त्यात ऊन आणि सावल्या शोधत बसले होते.

त्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणाले. हे एकटे गेले आणि दुपारच्या आत परत आले. बुटांना मातीसुद्धा लागलेली नव्हती. चढला नाहीत का, असं विचारलं तर म्हणाले, खाली कोणी नव्हतं. मी फणकाऱ्याने म्हटलं की राखणदारच हवा असेल तर ऑफिसचा चपराशी न्यावा. जेवतानाच नव्हे तर त्या आठवड्यात हे एरवीही बोलले नाहीत, आणि मीही नाही.

त्यातच ऑफिसातून बातमी आली. राज्यं पुन्हा बदलणार होती, महाराष्ट्र वेगळा व्हायचा होता, आणि नागपूरहून आलेल्या लोकांपैकी कुणाला कुठल्या राज्यात टाकायचं याचा घोळ अजून मिटला नव्हता. आज हा गेला, उद्या तो गेला, असं चाललेलं. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी सामान बांधलं. आपलंही नाव कदाचित तिकडच्या यादीत असेल, असं ह्यांनी मला सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. माहेर जवळ येणार होतं. त्याऐवजी मला तो कडा आठवला आणि रडू आलं. मुंबईला किंवा नागपूरला गेलो की हे सगळं संपणार, आणि मी खाली बसणारीच बाई म्हणून संपणार.

मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "जायच्या आधी मला एकदा वर न्या."

नाही म्हणतील असं वाटलं. पायाचं नाव काढतील असंही वाटलं. तर ह्यांनी विचारलं, "वजन किती आहे तुझं?"

मी लाटणं आपटलं. हो किंवा नाही सांगायचं सोडून असले प्रश्न! पण हे गंभीर होते. वरून दोर धरायचा, तू घसरलीस तर मला पेलता आली पाहिजेस, ते आधी करून बघावं लागेल, असं ह्यांचं म्हणणं. आणि संध्याकाळी मला जुमेराती बाजारात धान्याच्या पेढीवर घेऊन गेले. करोंदची मंडी तेव्हा कुठे होती, धान्य घ्यायचं ते जुमेरातीतच. पोत्यांच्या काट्यावर मला बसवायचं म्हटल्यावर मी लाजेने मेले. पेढीवाला शेठ म्हणाला, "बैठ जाइए बहनजी, शरम काहे की, गेहूँ भी तो यहीं बैठता है." सव्वा मण भरले. तेवढाच गहू आम्ही पोत्यात भरून घेतला, कारण गहू तसाही आणायचाच होता.

रविवारी ते पोतं टांग्यातून नेलं. टांगेवाल्याला वाटलं आम्ही जंगलातल्या कुठल्या तरी देवाला नवस फेडायला चाललोय. रस्ता संपल्यावर ह्यांनी अर्धा अर्धा गहू पाठीवर वाहून कड्याखाली नेला, पोतं पुन्हा शिवलं, त्याला कमरेच्या जागी दोर बांधला आणि वर जाऊन ओढायला लागले. मी खाली उभी. पोतं निमूटपणे वर चाललं होतं. मी एक फोटोही काढला, त्यात पोतं छान आलंय. मग हे मुद्दाम दोर सैल सोडायचे आणि पुन्हा धरायचे. दोन वेळा धरला. तिसऱ्या वेळी पोतं धारेला घासून फाटलं आणि सव्वा मणातला कितीतरी गहू माझ्या अंगावर आला. वरून घाबरा आवाज आला, लागलं का? मी पदर झटकत सांगितलं, मला काही झालं नाही, मी फक्त फुटले.

तो गहू आम्ही ओंजळीओंजळीने गोळा केला. निम्मा पोपटांनी खाल्ला. उरला त्याच्या पोळ्यांत महिनाभर कचकच लागायची आणि हे मुकाट्याने खायचे. पण नियम बदलला. कड्याच्या धारेवर जाड गोणपाटाची घडी ठेवायची, म्हणजे दोर आणि माणूस दोन्ही घासणार नाही. आणखी दोन रविवार नव्या पोत्यावर सराव झाला. घरी मी पलंगाच्या पायाला गाठ मारायला शिकले.

मग एका रविवारी सकाळी मी आईचं जुनं नऊवारी काढलं आणि कासोटा घट्ट मारला. भोपाळला आल्यापासून मी पाचवारीच नेसत होते, ऑफिसवाल्यांच्या बायका सगळ्या तेच नेसायच्या. नऊवारीत पाय मोकळे झाले आणि मला एकदम चिंचेवर चढणारी मुलगी आठवली.

हे आधी चढले, मी नेहमीसारखा एक फोटो काढला. वर पोचून धारेवरच्या धावड्याच्या झाडाला पाय टेकवून बसले आणि दोर खाली सोडला. मी कमरेला गाठ मारली, दोनदा तपासली. मग नियमाप्रमाणे गळ्यातला कॅमेरा काढला, ह्यांच्या शबनम पिशवीत नीट ठेवला, शबनम दगडावर ठेवली, आणि चढायला लागले.

पहिला टप्पा सोपा होता. दुसऱ्याला मी भ्यायले. तिथे एक उभी भेग होती. ह्यांना तिच्यात पाय वळवून कोंबावा लागायचा आणि ते दरवेळी तिथे कण्हायचे, हे मी खालून कितीदा बघितलेलं. मी डावा पाय घातला आणि तो तसाच, वळलेला, भेगेत जाऊन चपखल बसला. जो पाय लग्नाच्या बाजारात आडवा आला होता तो दगडाने बिनतक्रार घेतला. मला हसूच आलं. हसता हसता मी वर बघितलं.

वरून हे बघत होते. छातीपर्यंत धारेबाहेर झुकलेले, दोर दोन्ही हातांत, कपाळावरून घाम नाकावर येतोय आणि पुसायला हात मोकळा नाही. जीभ दातांत धरलेली, नकाशावर बारीक रेघ ओढताना धरायचे तशी. माझ्या पायाकडे बघत होते, मग हाताकडे, मग तोंडाकडे, पुन्हा पायाकडे. एकदा माझा उजवा पाय निसटला, दोर कमरेला करकचला आणि मी जागच्या जागी लोंबले. तेव्हा ह्यांचा चेहरा पांढरा पडला, पण नजर हलली नाही. मी पाय पुन्हा लावेपर्यंत हलली नाही. बाजूला खुला माळ होता, आकाश होतं, घारी फिरत होत्या. बघायला पुष्कळ होतं. हे कुठेही बघत नव्हते.

वर पोचले तेव्हा ह्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि किती तरी वेळ दंड सोडला नाही. मी दम खाऊन बघितलं तर लांबपर्यंत सपाट रान, पळसाची झाडं, तलावाची एक चकाकती पट्टी आणि आमच्या क्वार्टरच्या पांढऱ्या रांगा. विशेष काही नव्हतं. मला ते फार सुंदर वाटलं.

मग मी विचारलं. तिथे नसतं विचारलं तर जन्मात विचारलं नसतं.

"मला बघायला आलात तेव्हा खिडकीबाहेर का बघत होता?"

हे दोर गुंडाळत होते, थांबले. "मावशीने तुला चालायला लावलं," म्हणाले. "बाजारात बैल चालवून बघतात तसं. मला आमचीच लाज वाटली. मला त्या बघणाऱ्यांतला एक व्हायचं नव्हतं."

"आणि हा कॅमेरा? मला काहीतरी काम म्हणून?"

खोटं बोलता येत नसे ह्यांना. "आधी म्हणूनच दिला," म्हणाले. "तुला करमत नव्हतं. पण आता तुझे फोटो बघूनच मला कळतं मी पाय कुठे चुकवतो. आणि तू खाली असलीस की मला भीती वाटत नाही. त्या रविवारी मी खाली उभा राहिलो, दगडाला हात लावला आणि परत आलो."

मी रडले. चांगली पदर तोंडात धरून रडले. हे घाबरले, कुठे लागलं का विचारू लागले. नाही म्हटलं. मग डोळे पुसून मी म्हटलं की आता एक फोटो काढू या दोघांचा किंवा निदान तुमचा, इथे, समोरून. आणि गळ्याशी हात नेला.

आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. दगडावर शबनम दिसत होती, तिच्यावर एक मैना बसली होती. खाली राहील त्याच्या गळ्यात कॅमेरा. आज खाली कोणीच राहिलं नव्हतं, आणि नियम एवढा अंगात मुरलेला की दोघांपैकी एकालाही कॅमेरा वर आणायचं सुचलं नाही. हे लगेच दोर धरून उठले, पाच मिनिटांत घेऊन येतो म्हणाले. मी शर्टाचं टोक ओढून त्यांना बसवलं.

पुढे आमचं नाव मध्य प्रदेशातच राहिलं. हे जिलब्या घेऊन घरी आले आणि मी नागपूरला जायला मिळालं नाही म्हणून रडले नाही, याचं शेजारणींना नवल वाटलं. पुढच्याच वर्षी मुलगा झाला आणि त्या दोराचा पाळणा बांधला. मी पुन्हा साहेबांच्या भेटीला वर गेले नाही, हे मात्र पन्नाशीपर्यंत चढत राहिले. मी खाली उभी राहून पाठीचे फोटो काढत राहिले, आणि ते काम आहे की खेळणं, हा विचार पुन्हा माझ्या मनात आला नाही.

तर सूनबाई, तू विचारलंस चेहरा कुठे आहे. त्या डब्यांत नाही. दोर धरलेला, घामाने थबथबलेला, जीभ दातांत धरून माझ्याकडे बघणारा असा तो एकदाच समोर आला, आणि तेव्हा मी चढत होते.